सांगणाऱ्यांचं बाकडं

आमच्या गावात एक डॉक्टर होते. त्यांना रोगाचा राग नव्हता, रोग्याचाही नव्हता. राग होता तो रोग्याबरोबर आलेल्या माणसांचा. आता त्यांचा विषय निघाला की लोक हसतात, मीही हसते. पण माझं हसू फार वेळ टिकत नाही. त्यांच्या पाठोपाठ मला आमचं घर आठवतं आणि मान आपोआप खाली जाते.

चौलच्या अलीकडं आमचं गाव. पुढं समुद्र, मागं नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून एक रस्ता आणि रस्त्याच्या कडेला लोकल बोर्डाचा दोन खोल्यांचा दवाखाना. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा हे गृहस्थ तिथं आले. घाटावरचे. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला टोपी, आणि वाळूत चालवण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागणारी एक सायकल. आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर दवाखान्यातल्या दोन बाकड्यांपैकी एक उचलून बाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली ठेवलं. आतलं बाकडं दुखणाऱ्यांचं, बाहेरचं सांगणाऱ्यांचं. सासू सुनेला घेऊन आली की सून आत आणि सासू भेंडीखाली. सासवा कसल्या ऐकतात! त्या खिडकीतून डोकं घालायच्या.

"डॉक्टर, तिला चार दिस भूकच न्हाय."

"दुखतंय कुणाला?" डॉक्टर आतून ओरडायचे.

"तिला."

"मग तुमचं तोंड का चालतंय? बाकड्यावर जाऊन बसा."

गावातल्या बड्या माणसांनाही हाच न्याय. एकदा आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष बायकोला घेऊन गेले, तर त्यांनाही भेंडीखाली बसवलं. ते तिथं तासभर पानं मोजत बसले आणि दुसऱ्या दिवशी अलिबागला तक्रार करून आले. तक्रारीचं काही झालं नाही. त्यांची बायको मात्र पुढं दर आठवड्याला दवाखान्यात जायला लागली, आणि तिला नक्की काय दुखतंय हे अध्यक्षांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तान्ह्या पोरांना डॉक्टर अहो-जाहो करायचे. "काय म्हणता राजे? कुठं दुखतंय?" असं विचारायचे आणि खरोखरच उत्तराची वाट बघत बसायचे. बाहेर रांग लागलेली आणि हे आपले सहा महिन्यांच्या पोराच्या तोंडाकडं बघत गप्प! पोराला द्यायचं औषध आधी स्वतः चाखायचे आणि पोरापेक्षा वाईट तोंड करायचे. घाटावरच्या माणसाला समुद्राची भीती असते म्हणतात, ती त्यांना इतकी होती, की एवढी वर्षं आमच्याकडं राहून त्यांनी पाण्यात पाऊल बुडवलं नाही. तापट तर विचारू नका. कंपाउंडरवर ओरडायचे, टपालवाल्यावर ओरडायचे, सायकलवर ओरडायचे.

आता आमच्या घराचं सांगते. वडील वारलेले. घरात आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान सदू. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. सदू जन्मापासून मंद. चालायला लागला चौथ्या वर्षी, बोलायला त्याच्याही नंतर. शब्द येत, पण मोजके, आणि आपण विचारून दुसऱ्या कामाला लागलो की मग यायचे. वडील होते तोवर ते त्याला बरोबर वाडीत न्यायचे. ते शिंपणं करायचे, हा पाट फोडायचा, आणि ते काम तो कधी चुकला नाही. ते गेले आणि आईनं त्याला घरात घेतलं. पोरं त्याला "खुळा" म्हणून खडे मारायची, त्यापेक्षा घरात बरा, असं ती म्हणायची. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. मी लग्नाची होते. खुळ्याची बहीण कोण करून घेणार? आईला ही एकच धास्ती होती, आणि ती मलाही होती.

पुढं सदूला एक नवीनच खोड लागली. तो परसातल्या खोपीच्या खांबावर डोकं आपटायला लागला. आपटायचा, ओरडायचा, जवळ जाईल त्याला चावायचा. आईनं भगत आणला. भगतानं कोंबडं घेतलं, राख दिली, आणि वाडीतलं काहीतरी अंगात शिरलंय म्हणाला. मग आम्ही त्याला काथ्याच्या दोरीनं खांबाला बांधायला लागलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. शाळेत जाण्याआधी गाठ नीट बसलीय का, हे मीच बघत असे.

हे थोडंथोडकं चाललं नाही, दोन वर्षं चाललं.

एका पावसाळ्यात आई तापानं पडली म्हणून डॉक्टर घरी आले. मला त्यांनी रीतीप्रमाणं पडवीत पिटाळलं. आईची नाडी बघता बघता त्यांनी मान वर केली.

"काय वाजतंय मागं?"

"नारळ पडला असंल," आई म्हणाली.

"इतका तालात?"

ते उठले आणि तडक परसात गेले. मी आडवी गेले, काहीतरी बोलले, त्यांनी ऐकलंच नाही. खोपीत सदू खांबाला बांधलेला, ओठांतून लाळ गळतेय, चेहऱ्याची एक बाजू खांबावर आपटतोय. डॉक्टर दारातच थांबले. मला वाटलं, आता हे माझ्यावर तुटून पडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, चिखलातच त्याच्या समोर मांडी घातली आणि म्हणाले, "काय हो राजे, कुठं दुखतंय?"

तापातली आई भिंत धरत मागून आली. "त्याला काय कळतंय, डॉक्टर? तो खुळा हाय. बाहेरचं हाय त्याला."

"दुखतंय कुणाला?"

"अवो, त्याला बोलता येत न्हाय."

"मग मी थांबतो. तुम्ही गप."

त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि "आई गं!" म्हणून विव्हळले. सदू बघत राहिला. मग पोट धरून कण्हले, मग कान धरून. भर पावसात अर्ध्या चड्डीतला डॉक्टर चिखलात बसून कण्हतोय, आणि शेजारच्या वाडीतली माणसं दगडी गडग्यावरून डोकावून बघताहेत! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी त्यांनी आपला जबडा धरला आणि मोठ्यांदा बोंब मारली. सदूचं आपटणं थांबलं. बांधलेला हात जेवढा पुढं येत होता तेवढा त्यानं पुढं केला आणि डॉक्टरांच्या जबड्यावर ठेवला.

तोंड उघडून बघितलं तर मागची दाढ पार कुजलेली आणि हिरडी पुवानं तटतटलेली. त्या वासानं मी बाजूला झाले, डॉक्टर झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदूला दवाखान्यात आणायला लावलं. मी म्हटलं, घरीच काढा की. "का? बाकीचे सगळे दवाखान्यात येतात," म्हणाले. सदू आतल्या बाकड्यावर रांगेत बसला, आई आणि मी भेंडीखाली. दाढ निघाली तेव्हाची त्याची किंकाळी समुद्रापर्यंत गेली असेल. सूज उतरली आणि त्यानंतर सदूनं एकदाही डोकं आपटलं नाही. अंगातलं भूत, कोंबडं, राख, सगळं एका दाढेचं होतं. आईनं दोरी चुलीत घातली. काथ्या जळताना फार धूर होतो. ती त्या धुरात डोळे पुशीत बराच वेळ बसली.

डॉक्टरांनी मात्र सदूला सोडलं नाही. सांगणाऱ्यांचं बाकडं रात्री आत ठेवावं लागायचं. ते रोज सकाळी बाहेर काढायचं आणि संध्याकाळी आत न्यायचं काम त्यांनी सदूला दिलं. सदूला ते एका हातानं जमायचं. उशीर झाला की डॉक्टर त्याच्यावर ओरडायचे, अगदी कंपाउंडरवर ओरडायचे तसेच. हळूहळू माणसांना सवय झाली. "सदू, सावलीत घे की रं बाकडं," असं लोक म्हणायला लागले. आईला हे आवडायचं नाही. ती त्याला रस्त्यानं न पाठवता वाड्यांच्या मागून पाठवायची. मी रस्त्यानं शाळेत जायची आणि तो मागच्या पाणंदीनं. दवाखान्यापाशी आमची गाठ पडायची. तो हात वर करायचा, आणि माझ्याबरोबर शाळेतली दुसरी मास्तरीण असली की मी पदर सावरायच्या निमित्तानं मान फिरवायची.

याच सुमारास मला बघायला पेणकडची माणसं आली. सदूला सकाळपासून खोपीत बसवलेलं. पाहुणे पडवीत, मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि सायकल ढकलत डॉक्टर हजर! कुणी बोलावलं होतं कप्पाळ! पण हिरडीत पुन्हा थोडा पू दिसला होता म्हणून ते चौकशीला आले होते.

"त्यानं मिठाच्या पाण्यानं चूळ भरली का आज?" पायरीवरूनच त्यांनी विचारलं.

"कुणी?" मुलाच्या मामांनी विचारलं.

आई घाईघाईनं म्हणाली, "आमच्याकडचा गडी हाय."

मी ट्रेकडं बघत राहिले. डॉक्टर आता काय ते सगळं ओकणार, याची मला खात्री होती. त्यांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "गडी असला तरी चूळ भरू दे," आणि सायकल वळवून निघून गेले. खोप पडवीपासून काही कोसावर नव्हती. सदूनं ऐकलं असणारच. पेणच्या लोकांनी मला नाकारली, ती मी सावळी म्हणून. सदूचा प्रश्न आलाच नाही.

आता होळीचं. आमच्याकडं होळीला पोफळ उभी करतात. ती दुपारी वाडीतून तोडायची आणि खांद्यावरून नाचवत माळावर आणायची. खांदा द्यायला घरटी एक माणूस. ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घरानं नारळ द्यायचा. तो होळीत पडला की त्या घराचा खांदा लागला असं धरतात. माणसं बोलवायला दामाकाका दारोदार फिरायचे. ते गावातले जाणते, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. वडील गेल्यावर पहिल्या होळीला दामाकाका आमच्या दाराशी थांबले, आईनं त्यांच्या हातावर नारळ ठेवला, ते घेऊन पुढं गेले. मग दर वर्षी तसंच होत आलं.

त्या वर्षी दामाकाकांबरोबर डॉक्टरही होते. दवाखाना हेसुद्धा एक घरच, असं म्हणून ते दर होळीला धापा टाकत खांदा द्यायचे. आई आतून नारळ घेऊन आली. मागं चौकटीत सदू उभा.

"हा नारळ कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात पुरुष मानूस न्हाय ना."

"मग हा कोण आहे?"

रस्त्यावर पंधरावीस माणसं थांबलेली. आईचा चेहरा उतरला. "तुमाला सगळं ठावं हाय, डॉक्टर. लेक लग्नाची हाय माझी. कशाला आमची अब्रू वेशीवर टांगताय?"

आणि तिथं डॉक्टरांचा तोल गेला. "बाप गेला तेव्हा त्याच्याबरोबर याचंही तेरावं उरकलंत काय?" ते ओरडले.

असं बोलायला नको होतं. होळीच्या दिवशी, चारचौघांत, एका विधवेला! दामाकाकांनी त्यांचा दंड धरून त्यांना पुढं नेलं. मी सदूला आत ढकललं आणि दार लावून घेतलं. आई जात्यापाशी बसली आणि रडायला लागली. मी डॉक्टरांना यथेच्छ शिव्या दिल्या. एवढ्या वेळात सदू कुठं आहे हे दोघींपैकी एकीनंही बघितलं नाही. बघितलं तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि परसात कुणी नव्हतं.

वाडीत दोन विहिरी होत्या. आई तशीच अनवाणी धावली, मी तिच्या मागं. विहिरी बघितल्या, खोप बघितली, हाका मारल्या. नारळ तिच्या हातातच होता, तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. पाणंदीतून आम्ही रस्त्याला लागलो, आणि समोरून पोफळ येत होती.

पुढं डॉक्टर, टोपी कानावर आलेली. त्यांच्या मागं सदू. तो सगळ्यांपेक्षा उंच, त्यामुळं मधला सगळा भार त्याच्या खांद्यावर येत होता, आणि मागची माणसं ओरडत होती, "सदू, वाक की मर्दा जरा! आमच्या खांद्याला लागंना झालीय!" डॉक्टर वळून खेकसले, "अरे गाढवा, टाच सोलवटलीस माझी!" मग त्यांना आई दिसली. कधी नाही ते त्यांनी मान दुसरीकडं फिरवली.

आई गर्दीतून वाट काढत दामाकाकांपाशी गेली. "भावजी, तो घरनं पळून आला. चुकी झाली. हा घ्या." तिनं नारळ पुढं केला.

दामाकाकांनी घाम पुसला. "खांदा लागलाय की वयनी. आता नारळ कशाला?"

"दर साली देतो न्हवं का आमी?"

"तुमी देत व्हता, आमी घेत व्हतो." त्यांचा आवाज खाली आला. "पन मी बिनपुरुषाच्या दारात कदी थांबतो काय, वयनी? गोमाबाय घ्या. तिच्या दारावरनं मी पुढं जातो, ती आपली माळावर नारळ आणून ठेवते. तुमच्या दारात थांबायचो, तो सदूला बोलवाया. तुमी नारळ आनला. मला वाटलं, तुमाला त्याला धाडायचा न्हाय."

गाव काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. सदूला खडे मारणाऱ्या पोरांत दामाकाकांचा नातू होता, आणि त्यांनी त्याला कधी हटकलं नव्हतं. एवढं तोंड होतं तर इतक्या वर्षांत एकदा विचारायचं होतं. पण ते म्हणाले त्यात खोट नव्हती. गोमाबाई आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायची. तिच्या दाराशी ते थांबत नाहीत, हे मी दर होळीला खिडकीतून बघत आले होते. शिकलेली, चार पोरींना शिकवणारी मी, आणि आमच्या दाराशी ते का थांबतात हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या घरात माणूस नाही, हे गावानं नाही, आम्हीच ठरवलं होतं.

पोफळ पुढं गेली. आई रस्त्याच्या कडेला तशीच उभी. नारळ तिनं पदराखाली घेतला होता, कुणाला दिसू नये असा.

"मग आपन कुनाला भ्यालो गं?" तिनं मला विचारलं.

मी पोफळीच्या दिशेनं बघत होते. पुढं माळाचा चढ लागला होता. सगळे मिळून "हैसा" म्हणायचे आणि थांबायचे. मग थोड्या वेळानं एकट्या सदूचा "हैसा" यायचा, आणि तो आला की मगच सगळ्यांची पावलं पुढं पडायची.